पाचशे जीबी, नावापुरते

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत वरच्या मजल्यावर दोन सर्व्हर आहेत. ते सांभाळणाऱ्या पोरानं काळ्या पडद्यावर 'ट्रंकेट'ची कमांड दिली, आकार लिहिला 500 जीबी, आणि एंटर दाबताच फाईल हजर. मालक मागं उभे होते.

"एवढी मोठी? लगेच?"

"एलएस मारलं की पाचशे दाखवतंय, मालक. आता डीयू बघा."

डीयूनं शून्य दाखवलं.

"म्हंजे हाय का न्हाय?"

मालकांना शेती आहे, म्हणून पोरानं सातबारा काढला. नमुना सातवर क्षेत्र, बारावर पीक. एलएस सात वाचतं, डीयू बारा. सगळं रान पडीक असलं तरी सातवरचं क्षेत्र काही कमी होत नाही. मालकांना पटलं.

या फाईलला स्पार्स म्हणतात. ईएक्सटी-4 ही फाईलसिस्टिम लांबी आयनोडमध्ये नोंदवून मोकळी होते. 4096 बाइटचे ब्लॉक मात्र तिथं काही लिहिलं तरच खर्ची पडतात. कोऱ्या भागातून वाचायला गेलात तर कर्नल डिस्कला हात न लावता शून्यं काढून देतो.

मग त्यानं फाईलला लूप डिव्हाइस जोडलं. आता लिनक्सच्या दृष्टीनं ती फाईल राहिली नाही, 'लूप झिरो' नावाची डिस्क झाली. अमुक सेक्टरवर लिही म्हटलं, की लूप ड्रायव्हर ते फाईलमधल्या नेमक्या जागी नेऊन ठेवतो. त्यानं तिच्यावर फाईलसिस्टिम घातली, माउंट केली, साच्यांची ड्रॉइंगं कॉपी केली. डीयूचा आकडा ड्रॉइंगांइतकाच हलला, वर फाईलसिस्टिमचा स्वतःचा थोडा खर्च.

इथपर्यंत मजाच आहे. पण त्याच सर्व्हरच्या एक टीबी डिस्कवर अशाच पाचशे-पाचशेच्या स्पार्स फाईलींवर तीन व्हर्च्युअल मशीन चालतात. दीड टीबीचा शब्द, एक टीबीचा माल! मला यात गैर वाटत नाही. तिघींनी एकदम मागितलं नाही तर चालतं. मात्र खालची डिस्क भरली तर आतल्या मशीनला काही पत्ता नसतो, तिला अजून भरपूर मोकळं दिसत असतं. या मशीन चालवणारा क्यूईएमयू अशा वेळी सहसा मशीन जागच्या जागी थांबवून ठेवतो. जागा करून दिली की पुढं चालू.

आतल्या फाईली पुसल्या म्हणून जागा परत मिळते, हाही भ्रमच. आतून 'ट्रिम', म्हणजे जागा सोडल्याचा निरोप, गेला आणि वाटेत कुणी अडवला नाही, तरच खालच्या फाईलमध्ये भोक पडून ब्लॉक सुटतात. 'पंच होल'ची ही सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये 2011 साली आली.

खरा वैताग बॅकअपचा. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, त्यामुळं इथं पावसाळ्याआधी या फाईलींची प्रत एका पोर्टेबल डिस्कवर घेऊन ती कारखान्याबाहेर ठेवतात. डिस्क विकत घेतली तेव्हापासून एक्सफॅट. तिला स्पार्स कळत नाही. साठ जीबीच्या मालासाठी ती पाचशे जीबी शून्यांसकट लिहीत बसते, तासापेक्षा जास्त. एससीपीनं नेटवर्कवरून पाठवलं तरी शून्यं जातातच. पोरानं डिस्क ईएक्सटी-4 करून साधं 'सीपी' वापरलं, ते भोकं ओळखतं. विंडोजवाल्या अकाउंट्स खात्यानं कुरकुर केली, ती मालकांनी मनावर घेतली नाही. सर्व्हरची डिस्क 80 टक्के भरली की त्यांच्या मोबाईलवर मेसेज यावा, एवढं मात्र त्यांनी त्याच दुपारी बसवून घेतलं.