औंढ्याचा नंदी मागे का?

मुलांनो, महादेवाच्या देवळात गेलं की पहिली भेट कोणाची होते? नंदीची! आपण त्याच्या पाठीवर हात फिरवतो, शिंगांमधून पिंडीकडे बघतो आणि मग आत जातो. नंदीची जागा अगदी ठरलेली. देवाच्या समोर, तोंड पिंडीकडे.

मग एखाद्या देवळासमोर नंदीच नसला तर?

मी तुमच्याएवढा असताना आमच्या घरची मंडळी एस.टी.ने औंढा नागनाथला गेली होती. मराठवाड्यात, आताच्या हिंगोली जिल्ह्यात हे गाव आहे. (तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी.) बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून औंढ्याला दुरून दुरून लोक येतात. देवाची पिंड तळघरासारख्या खोल गाभाऱ्यात आहे. अरुंद पायऱ्या, डोकं वाकवून खाली उतरायचं. एका वेळी थोडीच माणसं मावतात. त्यामुळे बाहेर रांग आणि रांगेत मी. करायला काही नाही, म्हणून मी नंदी शोधायला लागलो. समोर नंदी नव्हता! देवळाला वळसा घातला, तर स्वारी मागच्या बाजूला बसलेली.

मी मोठ्यांदा विचारलं, "नंदी मागे का?"

बरोबरच्या एका वडीलधाऱ्यांनी डोळे वटारले. "देवळात असले प्रश्न विचारू नयेत. नमस्कार कर मुकाट्यानं."

मी नमस्कार केला. प्रश्न मात्र खिशात घालून घरी आणला. आज तुम्हाला सांगायचंय ते त्या खिशातल्या प्रश्नाबद्दल. त्याचा माग काढता काढता मी कुठल्या कुठे पोचलो!

पहिलं उत्तर : गोष्ट

औंढ्यात कुणालाही विचारा, उत्तर तोंडपाठ असतं. संत नामदेव महाराज इथे आले. देवळासमोर त्यांचं कीर्तन रंगलं. पण पूजा करणाऱ्यांना ते रुचलं नाही. "इथून ऊठ, मागे जाऊन काय गायचं ते गा," असं म्हणून त्यांनी नामदेवांना हुसकावलं. नामदेव निमूटपणे देवळाच्या मागे जाऊन बसले आणि गायला लागले. ते ऐकायला देवच फिरला! अख्खं देऊळ गर्रकन वळलं आणि पूर्वेचं दार पश्चिमेला आलं. नंदी मात्र होता तिथेच राहिला. म्हणून तो आता मागे!

लहानपणी मला ही गोष्ट इतकी आवडली, की आणखी काही विचारायचंच विसरलो. पण एक गोष्ट संपली की दुसरा प्रश्न शेपटी हलवत उभा राहतोच. एवढं दगडी देऊळ फिरेल कसं?

दुसरं उत्तर : दगड

पुन्हा औंढ्याला गेलो तेव्हा देऊळ नीट पाहिलं. तुम्हीही कधी गेलात तर आधी खाली बघा, मग वर. खालचा भाग काळ्या दगडाचा, कोरीव कामानं गच्च भरलेला. वरचं शिखर मात्र अगदी वेगळ्या धाटणीचं. एकाच देवळात दोन काळ! खालचं बांधकाम तेराव्या शतकाच्या सुमाराचं, म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या काळातलं. पुढे देवळाची मोडतोड झाली आणि शिखर नंतरच्या काळात नव्यानं बांधलं गेलं. लोक सांगतात, की वनवासात पांडव इथे आले आणि धर्मराजानं हे देऊळ बांधलं. ती गोष्ट आहे. दगड सांगतात ते यादवांचं नाव.

अशा देवळांना आपण 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाडपंत हे यादव राजांचे प्रधान. घडवलेले दगड चुना न वापरता एकमेकांत बसवायचे, ही या देवळांची खासियत. तेव्हा सिमेंट कुठलं? दगडाचं वजन आणि पाथरवटाचा हिशेब, एवढ्यावर ही देवळं शेकडो वर्षं उभी आहेत.

आणि दाराचं काय? देवळाचं दार पूर्वेलाच हवं, असा काही पक्का नियम नाही. ठाणे जिल्ह्यातलं अंबरनाथचं शिवमंदिर इ. स. १०६० सालचं, म्हणजे नामदेवांच्याही दोनशे वर्षं आधीचं. त्याचंही तोंड पश्चिमेला आहे. तेव्हा नुसत्या पश्चिमेच्या दारावरून देऊळ फिरलं असं सिद्ध होत नाही.

"म्हणजे गोष्ट खोटी?" असं म्हणालात ना? मीही तेच म्हणालो होतो. आणि इथेच थांबलो असतो, तर सगळ्यात मोठी गंमत हुकली असती.

तिसरं उत्तर : पुस्तक

नामदेव महाराजांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा मानतात. हिंगोली जिल्ह्यातलंच नर्सी हे गाव त्यांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जातं. त्यांचं घर शिंप्याचं. पंढरपूर तर त्यांचा श्वासच. पण हा माणूस एका जागी बसणारा नव्हता. अभंग गात गात तो थेट पंजाबपर्यंत गेला. तिथल्या घुमान गावात त्यांची आठवण आजही जपलेली आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या घुमानला भरलं होतं, तुमच्या आईबाबांना आठवत असेल.

शीख लोकांचा पवित्र ग्रंथ म्हणजे गुरू ग्रंथसाहिब. गुरू अर्जनदेवांनी तो १६०४ साली सिद्ध केला. त्यात शीख गुरूंच्या रचनांबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद अशा संतांच्याही रचना आहेत आणि आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत.

गुरू ग्रंथसाहिबाची छापील प्रत ठरावीक १४३० पानांची असते. जगात कुठेही जा, पानांचे क्रमांक तेच. त्यातल्या ११६४ व्या पानावर नामदेवांचं एक पद आहे. त्याचा अर्थ वाचला आणि मी ताडकन उठून बसलो. त्यात नामदेव स्वतः सांगतात, की मी हसतखेळत देवळात आलो, भक्ती करत असताना मला धरून उठवलं, माझी जात हलकी म्हणून. ते देवालाच विचारतात, की माझा जन्म या जातीत का झाला? मग आपली घोंगडी उचलून ते देवळाच्या मागे जाऊन बसतात. ते गातात आणि देऊळ त्यांच्याकडे वळतं. १२९२ व्या पानावरच्या पदातही असंच, देऊळ भक्ताकडे फिरतं आणि हाकलणाऱ्यांकडे देवळाची पाठ होते.

पदात गावाचं नाव नाही. ते नाव आपल्या मराठी परंपरेनं जपलं. पण बघा हं, औंढ्याच्या रांगेतला माझा प्रश्न आणि त्याचं उत्तर गुरुमुखी लिपीतल्या ग्रंथात!

आणखी एक गंमत. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी या ग्रंथालाच यापुढे गुरू मानावं असं सांगितलं, ते कुठे? नांदेडला! म्हणजे औंढ्याच्या शेजारच्या जिल्ह्यात. मराठवाड्यातून निघालेली नामदेवांची वाणी पंजाबला गेली, ग्रंथात बसली आणि ग्रंथाबरोबर पुन्हा गोदावरीच्या काठी आली.

गोष्टीला भाऊ असतात

आता मला छंदच जडला. अशी गोष्ट आणखी कुठे आहे का?

आहे! कर्नाटकात उडुपीला श्रीकृष्णाचं प्रसिद्ध मंदिर आहे. सोळाव्या शतकातले कनकदास हे धनगर समाजातले संतकवी. त्यांना आत जाऊ दिलं नाही. ते मागच्या बाजूला उभे राहून गायले, भिंतीला भेग पडली आणि कृष्णाची मूर्ती त्यांच्याकडे वळली, अशी तिथली गोष्ट. तिथे कनकदासांच्या नावाची खिडकी आहे आणि आजही लोक खिडकीतूनच देवाचं दर्शन घेतात.

औंढ्याची भाषा मराठी, उडुपीची कन्नड. एकीकडे महादेव, दुसरीकडे कृष्ण. पण गोष्टीचा गाभा एकच. ज्याला मागे ढकललं, देव त्याच्याकडे वळला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. 'देऊळ कसं फिरलं' हे मी विचारत होतो, पण 'नामदेवांना उठवलं का' हे विचारायचं राहूनच गेलं होतं. ज्या काळात जातीवरून माणसाला देवळाबाहेर काढत, त्या काळात लोकांनी ही गोष्ट जपली, मुलांना सांगितली, पुढे नेली. हाकलणारे चुकले, हे उघड बोलायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी गोष्टीत देवालाच निकाल द्यायला लावला! दगड फिरला की नाही, यावर वाद घालता येईल. पण माणसाला उठवलं होतं आणि ते लोकांना सलत होतं, हे त्या गोष्टीतलं अस्सल दुःख आहे. नंदीकडे बघताना मला आता ते आठवतं.

प्रश्न विचारावा का?

त्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं आठवतंय ना, देवळात प्रश्न विचारू नयेत? त्याचं उत्तरही मला औंढ्याच्याच गोष्टीत सापडलं.

गोरोबाकाकांनी एकदा सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. का, तर त्यांना गुरू नव्हता. मग नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले. बघतात तर एक म्हातारा चक्क पिंडीवर पाय ठेवून झोपलेला! नामदेव म्हणाले, "अहो, उठा, पाय काढा. देव आहे तो." म्हातारा म्हणाला, "मी थकलोय रे बाबा. जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव." नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले. तिथे पिंड! तिसरीकडे ठेवले, तिथेही पिंड! तो म्हातारा म्हणजे विसोबा खेचर, नामदेवांचे गुरू. अशीच गोष्ट पंजाबात गुरू नानकांबद्दल सांगतात. ते मक्केला पाय काबाकडे करून झोपले होते म्हणे. कोणी कोणाची गोष्ट उचलली, म्हणून भांडत बसू नका. चांगली गोष्ट वाऱ्यावरच्या बीसारखी असते.

पण मला सांगा, नामदेवांनी म्हाताऱ्याला हटकलंच नसतं तर? 'आपल्याला काय करायचंय' म्हणून ते पुढे गेले असते तर? गुरू भेटलाच नसता! आणि विसोबांनीही त्यांना गप्प बसवलं नाही. उलट त्यांनाच शोधायला लावलं.

म्हणून आता एक काम करा. एक जुनी वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा. 'पाहिलं', 'ऐकलं', 'वाचलं'. तुमच्या गावातलं देऊळ, दर्गा, बारव, वेशीवरचा वीरगळ, काहीही चालेल. डोळ्यांना दिसलं ते पहिल्या रकान्यात. आजीनं, गुरवानं, शेजारच्या चाचांनी सांगितलं ते दुसऱ्यात. पुस्तकात सापडलं ते तिसऱ्यात. तिन्ही रकाने जुळले नाहीत तर खोडरबर काढू नका. जिथे ते जुळत नाहीत, तिथेच खरी मजा लपलेली असते.

आणि आईबाबांनो, तुमच्यासाठी एकच. मुलानं देवळाच्या रांगेत काही विचारलं आणि तुम्हाला उत्तर माहीत नसलं, तर डोळे वटारू नका. "चल, दोघं मिळून शोधू," एवढंच म्हणा.

औंढ्याचा नंदी अजून देवळाच्या मागे बसून आहे. तुमच्या गावात कोण बसलंय तुमच्या प्रश्नाची वाट बघत?