समुद्र न ओलांडणारे पैसे

पगार झाला की दुबईच्या देइरा भागातल्या एक्स्चेंजपुढे रांग लागते. खेडचा एक माणूस काचेखालच्या फटीतून हजार दिरहम आत सरकवतो, सोबत एमिरेट्स आयडी. पावती खिशात टाकून तो कोपऱ्यावर चहा घेतो, तेवढ्यात कधीकधी गावाकडे मोबाइल वाजतोसुद्धा: खात्यात रक्कम जमा.

‘पैसे पाठवले’ असं तो घरी सांगतो. पण नोटा तर त्या गल्ल्यातच आहेत! मला ही गोष्ट पहिल्यांदा उमगली तेव्हा मी थक्क झालो होतो, आणि अजूनही होतो.

मग खेडच्या शाखेत जमा झालं ते काय? आधीपासून भारतातच असलेले रुपये. एक्स्चेंज कंपनीने भारतीय बँकेत रुपयांचं खातं उघडून ठेवलेलं असतं. बँकवाले त्याला ‘व्होस्ट्रो’ म्हणतात. मूळ इटालियन शब्द, अर्थ ‘तुमचं’. अरबी समुद्र ओलांडतो तो फक्त निरोप: या खात्यातून इतके काढा, त्या खात्यात भरा. ‘ते’ खातं कुठल्या शाखेतलं, हे आयएफएससी कोड सांगतो. त्यात 11 अक्षरं: पहिली चार बँकेची, शेवटची सहा शाखेची, आणि पाचव्या जागी शून्य, पुढे कधी लागेल म्हणून राखून ठेवलेलं. रुपये संपत आले की कंपनी साठलेले दिरहम विकून डॉलर घेते, डॉलर विकून रुपये, आणि खातं पुन्हा भरते.

जगभरातून अशा निरोपांवर भारतात येणारी रक्कम 2022 साली 100 अब्ज डॉलरच्या पुढे गेली. त्याआधी कुठल्याच देशाने हा आकडा गाठला नव्हता.

एके काळी तर दुबईत रुपयाच चालायचा! पण तिथे रुपये देऊन सोनं घेतलं जाई, ते चोरवाटेने इकडे येई, आणि तिकडे साठलेल्या रुपयांपोटी आपल्याला परकीय चलन मोजावं लागे. म्हणून 1959 साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या, क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर असलेल्या. 1966 साली रुपयाचं अवमूल्यन झालं आणि दुबईने रुपया सोडला.

आज दिरहम डॉलरला बांधलेला आहे: 1997 पासून एका डॉलरला 3.6725. म्हणजे खेडवाला रोज दिरहमचा भाव बघतो, तो खरं तर डॉलर-रुपयाचाच भाव असतो. फी कमी दिसली तरी भावातले दहा-वीस पैसे तपासावेत. कंपनीची खरी कमाई बहुतेकदा तिथेच दडलेली असते. खातंही बघावं: कायमचं बाहेर राहणाऱ्याला गावातलं साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही. तिकडच्या कमाईसाठी एनआरई खातं, त्याचं व्याज भारतात करमुक्त. इकडच्या घरभाड्यासाठी एनआरओ.

त्याच काउंटरवर, त्याच संध्याकाळी, पुण्याहून फिरायला आलेलं कुटुंब डॉलर मोडून दिरहम घेतं. त्यांच्या हातात पडतात त्या कदाचित खेडवाल्याच्याच नोटा.