प्रक्षोभक भाषण आणि कायद्याची मर्यादा

सभेत एखाद्या वक्त्याने शासनावर कडाडून टीका केली, की हे बोलणे कायद्यात बसते काय, अशी पृच्छा गावपातळीपासून तहसील कचेरीपर्यंत होऊ लागते. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने भाषणस्वातंत्र्य दिले आणि त्यावर निर्बंध घालण्याची मुभाही दिली. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे निर्बंधाचे कारण १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले. परंतु हे निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत, ही अटही त्याच दुरुस्तीने घातली, याचा अनेकांना विसर पडतो.

या शब्दाचा अर्थ एका पाणीपट्टीच्या प्रकरणात स्पष्ट झाला. कालव्याच्या पाण्याची वाढीव पट्टी भरू नका, असे आवाहन डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९५४ मध्ये उत्तर प्रदेशातील शेतकऱ्यांना केले व त्यांना अटक झाली. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की निर्बंध आणि सुव्यवस्था यांचा संबंध निकटचा हवा. ओढूनताणून जोडलेला संबंध चालणार नाही. पुढे १९८९ मध्ये याच न्यायालयाने दारूच्या कोठारातील ठिणगीची उपमा योजिली. शब्द आणि स्फोट यांत इतके थोडे अंतर असेल, तरच निर्बंध समर्थनीय ठरतो.

दिनांक १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. दंगा व्हावा या हेतूने बेकायदेशीर कृत्याद्वारे चिथावणी देणे हा कलम १९२ खाली अपराध आहे. दंगा घडल्यास एक वर्षापर्यंत, न घडल्यासही सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. धर्म, जात, भाषा इत्यादी कारणांवरून समाजगटांत वैरभाव फैलावल्यास कलम १९६ अन्वये तीन वर्षांपर्यंत, आणि हाच अपराध प्रार्थनास्थळी केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मात्र नुसते कटू शब्द पुरेसे नाहीत. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी, म्हणजे इंदिरा गांधी यांच्या हत्येच्याच दिवशी, चंदीगड येथे दोघा कर्मचाऱ्यांनी फुटीर घोषणा दिल्या. त्यांना शिक्षा झाली. परंतु १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरविले. घोषणांना कोणी प्रतिसाद दिला नव्हता, शांतताही ढळली नव्हती. इतक्या तप्त दिवसाविषयीही न्यायालयाने परिणाम व हेतू तपासले, हे लक्षणीय होय.

शब्दांचे माप कोणाच्या कानांनी घ्यावयाचे? मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेसंबंधीच्या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा सांगितले, की ते समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या कानांनी घ्यावे. प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्याच्या नव्हे. तीन ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या अपराधांत गुन्हा नोंदविण्यापूर्वी उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. भाषणविषयक तक्रारींत या तरतुदीचा उपयोग करणे उचित, असेही न्यायालयाने म्हटले. शिवाय कलम १९६ खालील अपराधाची दखल केंद्र वा राज्य शासनाच्या पूर्वमंजुरीवाचून न्यायालयास घेता येत नाही.