आधी प्रश्न, मग बंदूक
हर्सूलच्या मित्रांचा नेहमीचा प्रश्न: गौताळ्यातल्या बिबट्याला रेडिओ कॉलर लावायची, तर भुलीची बंदूक कुठली घ्यायची?

शिकारीच्या गोळीला खोल घुसायचं असतं. डार्टला फक्त स्नायूत औषध सोडायचं असतं. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. म्हणून जवळून जास्त दाबाने सोडलेला डार्ट हाडही मोडू शकतो. क्रम असा: जनावराचं वजन, औषधाची मात्रा, त्यावरून डार्ट, शेवटी अंतर पाहून गॅसचा दाब. सोबत पशुवैद्यक हवाच. १९७२च्या वन्यजीव कायद्याखालची परवानगीही हवी.

पण बिबटे नुसते मोजायचे असतील तर? प्रत्येकाच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते. कॅमेरा ट्रॅप पुरतो. प्रपोजलमध्ये आधी प्रश्न लिहा. कदाचित बंदूक लागणारच नाही.