चार पावलांचे रोम

मुलांची शिक्षणे, लग्ने, घराचे हप्ते आणि वडीलधाऱ्यांची आजारपणे या साऱ्यांतून मोकळे होईपर्यंत बहुतेक दांपत्यांची साठी जवळ आलेली असते. तोवरचे प्रवास म्हणजे कुलदैवताचे दर्शन, नात्यातली कार्ये आणि मे महिन्यात मुलांना घेऊन केलेली एखादी सहल. केवळ दोघांनी, केवळ पाहण्यासाठी, एखाद्या महानगरात आठवडाभर राहावे हा योग आयुष्यात प्रथमच येतो. आपणही असा बेत आखत असाल आणि त्या नगराचे नाव रोम असेल, तर तिकिटे आणि हॉटेल यांच्या आधी एका गोष्टीचा विचार करावा. रोम पाहायचे ते पायांनी, आणि वयाची पहिली जाणीव होते तीही पायांतच.

दगडी रस्त्यांची परीक्षा

रोमच्या जुन्या भागातील अनेक रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे आहेत. संत पीटर यांच्या नावावरून त्यांना ‘सांपिएत्रिनी’ म्हणतात. दिसायला ते फार देखणे असतात. परंतु दोन ठोकळ्यांमधील फटी आणि उंचसखल पृष्ठभाग यांमुळे प्रत्येक पाऊल किंचित वेगळ्या कोनात पडते. घोटा, गुडघा आणि कंबर यांना सतत तोल सावरावा लागतो. पाऊस पडला की हेच दगड निसरडे होतात. घरी दिवसाकाठी तीन-चार हजार पावले चालणारी व्यक्ती येथे सहज बारा-पंधरा हजारांवर जाते, तीही अशा जमिनीवर.

म्हणून तयारी निदान सहा ते आठ आठवडे आधी सुरू करावी. रोजचे चालणे दर आठवड्याला थोडेथोडे वाढवावे. सपाट मैदानापुरते न राहता चढ-उतार आणि जिने यांचाही सराव करावा. गुडघा दुखतो तो बहुधा उतरताना. पायताण नवे घ्यायचे असेल तर संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाऊल किंचित सुजलेले असते, आणि ते निदान महिनाभर आधीपासून वापरात असावे. प्रवासासाठी राखून ठेवलेला कोरा बूट पहिल्याच दिवशी फोड आणतो.

जिन्यांचा हिशेबही आधी करावा. संत पीटर बॅसिलिकेच्या घुमटावर जाण्यास ५५१ पायऱ्या आहेत. गच्चीपर्यंत लिफ्ट घेतली तरी पुढच्या ३२० चढाव्याच लागतात, आणि शेवटी वाट इतकी अरुंद व कललेली होते की मध्येच परत फिरणे अवघड जाते. हृदयविकार, दमा, तीव्र गुडघेदुखी किंवा बंदिस्त जागेची भीती असणाऱ्यांनी घुमट खालूनच पाहावा. तो तेथूनही तितकाच भव्य दिसतो. सुप्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्या १३५ आहेत. तेथे दम लागला म्हणून बसावे तर २०१९ पासून पायऱ्यांवर बसण्यास बंदी असून दंड होऊ शकतो. विसावा घ्यायचा तो चढण्यापूर्वी.

घड्याळ आणि गोळ्या

उन्हाळ्यात रोमचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास, तर हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. रक्तदाबाच्या नित्याच्या गोळ्या स्थानिक वेळेप्रमाणे घेणे बहुतेकांना जमते. परंतु इन्सुलिन घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवशीच्या मात्रांचे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे. इन्सुलिन आणि सर्व औषधे हातातील सामानात ठेवावीत. विमानाच्या पोटातील सामानात थंडीने इन्सुलिन गोठू शकते, आणि सामान हरवले तर औषधेही हरवतात. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव असावे. आपल्याकडची व्यापारी नावे तेथील दुकानदारास ठाऊक असतीलच असे नाही. औषधांचे दुकान हिरव्या क्रुसाच्या खुणेवरून ओळखू येते. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये असावा.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो घेताना मधुमेह किंवा जुना हृदयविकार लपवू नये आणि अशा पूर्वीच्या आजारांना संरक्षण आहे की नाही हे वाचून पाहावे. लपवलेला आजार परदेशातील रुग्णालयात लपून राहत नाही; नाकारला जातो तो खर्चाचा दावा.

नाकाडे नळ आणि लपवलेली तहान

रोमचे एक औदार्य मात्र आरोग्यास फार उपकारक आहे. शहरभर सुमारे अडीच हजार लोखंडी नळखांब आहेत. वाकड्या तोटीमुळे त्यांना ‘नाझोनी’, म्हणजे मोठी नाके, असे नाव पडले. १८७४ पासून ते वाहत आहेत. पाणी पिण्यायोग्य आणि थंडगार असते. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या छिद्रातून कारंजे उडते आणि वाकल्यावाचून पिता येते. कंबर धरलेल्यांना ही सोय फार मोलाची. एक रिकामी बाटली जवळ असली की पुरे.

तरीही साठीपुढचे प्रवासी, विशेषतः स्त्रिया, पाणी कमी पितात. कारण तहान नसते असे नाही. स्वच्छतागृह कोठे मिळेल ही धास्ती असते. प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुषही तेच करतात, फक्त बोलत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये रोमचा पारा सहज तिशीच्या वर असतो. अशा उन्हात, त्यातही रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीर कोरडे पडून चक्कर येते. उपाय साधा आहे. संग्रहालयात शिरताना आणि निघताना, गरज वाटो वा न वाटो, स्वच्छतागृहास जाऊन यावे. एरवी रस्त्यावरच्या कॉफीच्या दुकानात शिरावे. काउंटरशी उभे राहून छोटी कॉफी घेतली तर ती स्वस्त पडते आणि तेथील सोयही संकोचावाचून वापरता येते. जमल्यास एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडावा. उन्हाळ्यातच जाणे झाले तर दुपार खोलीत घालवावी. त्या वेळी तेथील अनेक लहान चर्चेस आणि दुकानेही बंदच असतात.

पाहण्याचाही शीण असतो

बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातील बेंजामिन इव्ह्ज गिलमन यांनी १९१६ साली ‘संग्रहालयाचा शीण’ या विषयावर लेख लिहिला. वस्तू पाहण्यासाठी प्रेक्षकाला किती वाकावे, ताणावे आणि माना वळवाव्या लागतात हे त्यांनी छायाचित्रांनिशी दाखवले होते. व्हॅटिकनच्या दालनांमागून दालने ओलांडताना या शीणाचा प्रत्यय येतो. संथपणे, अडखळत, पुनःपुन्हा उभे राहून चालणे हे सलग चालण्यापेक्षा कंबरेला अधिक जाचते.

या दालनांच्या शेवटी सिस्टाइन चॅपेल येते. १५०८ ते १५१२ या काळात मायकेलअँजेलोने ते छत रंगवले ते आडवे पडून नव्हे, तर मचाणावर उभे राहून, मान मागे टाकून. त्या कामाने आपल्या देहाची काय दशा झाली याचे वर्णन त्याने स्वतःच एका कवितेत करून ठेवले आहे. आपण ते छत पाहणार दहा-पंधरा मिनिटे. परंतु मानेच्या मणक्यांची झीज असलेल्यांना तेवढ्यानेही भोवळ येऊ शकते. भिंतीलगतच्या बाकावर जागा मिळेपर्यंत थांबावे, बसून पाठ टेकवावी, आणि थोडे पाहून मान सरळ करावी. एवढे पाळले तर चित्रही अधिक मनात उतरते.

बोर्गेझे कलादालनाचा नियम येथे अनुकरणीय आहे. तेथे आगाऊ नोंदणी करून ठरलेल्या वेळी प्रवेश मिळतो आणि दोन तासांनी बाहेर पडावे लागते. मन आणि कंबर दोन्ही ताजी असतात तोवर बर्निनीचे शिल्प पाहून आपण समोरच्या उद्यानात बाकावर बसलेले असतो. हाच दंडक इतरत्रही स्वतःस घालून घ्यावा: दिवसाला एकच मोठे स्थळ, तेही सकाळी, उरलेल्या वेळेत जे वाटेत येईल ते.

राग आहे की साखर कमी झाली आहे?

आता सर्वांत महत्त्वाचे. कल्पना करावी की आपण दोघे कोलोसियम पाहून बाहेर पडला आहात. दुपारचे दोन वाजले आहेत. नाश्ता आठला झाला होता, जेवणाची जागा मनासारखी सापडत नाही. यजमान एकाएकी चिडतात. “तुला कुठलीच जागा पसंत पडत नाही,” असे भर रस्त्यात म्हणतात. पत्नीला ते लागते. इतक्या वर्षांनी दोघेच आलो आणि येथेही हेच, असे मनात येऊन ती अबोल होते, चार पावले पुढे चालू लागते. आणि नेमके तेव्हाच तिने मागे वळून पाहण्याची गरज असते.

यजमानांना मधुमेह असेल आणि ते इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी घेत असतील, तर हा राग स्वभावाचा नसून रक्तातील साखर कमी झाल्याची खूण असू शकतो. घाम, हातांना कंप, छातीत धडधड, भूक आणि अकारण चिडचिड ही सुरुवातीची लक्षणे होत. त्यापुढे बोलण्यात गोंधळ आणि ग्लानी येते. औषधाची मात्रा घरच्या तीन हजार पावलांसाठी ठरलेली असते. येथे पावले चौपट आणि जेवण दोन तास उशिरा.

अशा वेळी वाद बाजूला ठेवून प्रथम खाली बसवावे. साखर मोजण्याचे यंत्र जवळ असल्यास मोजावी. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मोजता येत नसेल, तरी सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज अथवा तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. गरज भासल्यास पुन्हा द्यावे आणि मग काही पोटभरीचे खाऊ घालावे. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून ११२ ला फोन करावा. ग्लुकोजची पुडी एकाच्याच पिशवीत नसावी, दोघांच्याही पिशवीत असावी. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, तिखटमिठाच्या पुऱ्या हा आपला जुना शिधा मधल्या भुकेला उत्तम; मात्र साखर एकदम कमी झाली असता शेंगदाण्यांचा उपयोग नाही, तेथे ग्लुकोजच हवे. दिवसभर फार चालणे झाले असेल तर साखर रात्रीही उतरू शकते, म्हणून निजण्यापूर्वी एकदा मोजावी. प्रवासाच्या दिवसांपुरती मात्रा कमी करायची का, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. स्वतः ठरवू नये.

हे मधुमेहापुरतेच खरे आहे असेही नाही. प्रवासातील अनेक भांडणे भूक, तहान आणि अपुरी झोप यांची असतात; आपण ती उगाच स्वभावाच्या खात्यावर लिहितो.

दोघांची गती

घरी दोघांची गती वेगळी असल्याचे कळत नाही, कारण दिवस वेगवेगळ्या कामांत जातो. येथे चोवीस तास सोबत असते. एकाला प्रत्येक फलक वाचायचा असतो, दुसऱ्याला कारंज्यापाशी बसून माणसे पाहायची असतात. आपल्याकडील बायका “माझे गुडघे दुखताहेत” असे सहसा म्हणत नाहीत. “तुम्ही दमला असाल” असे म्हणतात. पुरुष तेही म्हणत नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी दोन करार करावेत. पहिला, प्रत्येकाने आपली तीन स्थळे निवडावीत. तेवढी नक्की पाहायची, बाकी सारी सोडून देण्याजोगी. दुसरा, दोघांपैकी कोणीही “थांबू या” म्हटले की कारण न विचारता थांबायचे. दुपारी एकाला झोपावेसे वाटले तर दुसऱ्याने जवळच्या पँथिऑनमध्ये जाऊन यावे. घुमटाच्या मधोमध सुमारे नऊ मीटर रुंदीचे उघडे छिद्र आहे. त्यातून उतरणारा उन्हाचा कवडसा भिंतीवरून सरकताना एकट्याने पाहण्यातही सुख असते. परत येऊन सांगायला काही तरी असते, हे त्याहून मोठे सुख.

संध्याकाळी अव्हेंटिन टेकडीवरील संत्र्यांच्या बागेत जाऊन बसावे. नदीपलीकडे संत पीटरचा घुमट मावळतीच्या प्रकाशात दिसतो. ज्या ५५१ पायऱ्या आपण चढलो नाही, त्यांची रुखरुख येथे उरत नाही.

आणि रात्री खोलीवर परतल्यावर एक काम कधीही चुकवू नये. मधुमेह्याला तळपायाची जखम पुष्कळदा जाणवत नाही आणि स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसतही नाही. तो दुसऱ्याने पाहायचा असतो. पाय कोमट पाण्याने धुवावेत, कोरडे करावेत, दिव्याखाली धरून बोटांच्या बेचक्यांत, टाचेला कोठे लाली, फोड, चीर आहे का ते जोडीदाराने पाहावे. फोड दिसला तर फोडू नये; स्वच्छ पट्टी बांधावी आणि दुसरा दिवस विश्रांतीचा ठरवावा. तिचे पाय त्यांनी पाहावेत, त्यांचे तिने. संसाराच्या धावपळीत जी पावले शेजारून चालत राहिली, ती एकमेकांनी इतक्या निवांतपणे पाहण्याची ही कदाचित पहिलीच वेळ असेल.