पेन ड्राइव्हची ओळख न पटणे
पेन ड्राइव्ह संगणकाला जोडल्यानंतर तो न दिसणे किंवा उघडता न येणे, या दोषाला सामान्यतः 'पेन ड्राइव्हची ओळख न पटणे' असे म्हणतात. ही ओळख तीन टप्प्यांत पटते. त्यामुळे दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे शोधणे ही दुरुस्तीची पहिली पायरी होय.

पहिला टप्पा विद्युतजोडणीचा असतो. यूएसबी २.० प्रकारच्या ड्राइव्हच्या टोकाला चार धातूच्या पट्ट्या असतात. त्यांतील दोन ५ व्होल्ट वीजपुरवठ्यासाठी व दोन माहितीच्या वहनासाठी असतात. ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टमध्ये आणि दुसऱ्या संगणकावर लावून पाहिल्यास दोष ड्राइव्हचा की पोर्टचा, हे कळते.

दुसऱ्या टप्प्यात ड्राइव्हमधील नियंत्रक चिप आपला प्रकार व क्षमता संगणकाला कळवते. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये ड्राइव्ह दिसूनही त्याची क्षमता दिसत नसेल, तर चिपमध्ये बिघाड असण्याची शक्यता असते.

तिसरा टप्पा फाइल प्रणालीचा असतो. ड्राइव्हला अक्षर दिलेले नसल्यास ते देताच तो उघडतो. लिनक्सच्या एक्स्ट४ प्रणालीत तयार केलेला ड्राइव्ह मात्र विंडोज सहसा थेट वाचू शकत नाही. अशा वेळी, तसेच फाइल प्रणाली बिघडली असतानाही, विंडोज ड्राइव्ह फॉरमॅट करण्यास सुचवते. फॉरमॅट केल्याने ड्राइव्ह पुन्हा वापरता येतो, परंतु त्यातील माहिती गमावण्याचा धोका असतो. माहिती महत्त्वाची असल्यास ही सूचना नाकारावी, ड्राइव्हवर नवे काहीही साठवू नये आणि टेस्टडिस्कसारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ती प्रथम अन्यत्र उतरवून घ्यावी.