राहणाऱ्याला विचारले का?

दिपोटीसाहेब शाळा तपासायला यायचे ते दिवस जुन्या मंडळींना आठवत असतील. जमीन सारवलेली, हजेरीपत्रक भरलेले, पोरे चिडीचूप. साहेब शेरा लिहून जात. पण शाळा एरवी कशी चालते हे ठाऊक असे पोरांनाच! अपंगांच्या निवासगृहांचेही असेच आहे. दप्तर चोख, स्वयंपाकघर स्वच्छ, खाटा बरोबर. एवढ्यावरून तिथला माणूस सुखी आहे असे म्हणता येईल काय?

आयर्लंड देशात काय करतात ते पाहू. तेथे नोव्हेंबर २०१३ पासून अशा निवासगृहांची तपासणी एक स्वतंत्र सरकारी संस्था करते. तिला थोडक्यात ‘हिक्वा’ म्हणतात. निवासगृह म्हणजे मोठी इमारतच असे नव्हे; पुष्कळदा ते साध्या वस्तीतले चार-पाच माणसांचे घर असते. तपासनीस कधी कळवून येतात, कधी न कळवता. कळवून येणार असले, तर राहणाऱ्यांकडे आधी प्रश्नावली जाते. तपासणीचा अहवाल सर्वांना वाचता येतो. त्यात राहणाऱ्यांनी काय सांगितले आणि तपासनीसांनी काय पाहिले, हे आधी येते. नियमांचा हिशेब मागाहून.

तुम्ही म्हणाल, ज्याला बोलताच येत नाही त्याला काय विचारणार? शंका रास्त आहे. पण असा माणूस खुणेने सांगतो, चित्रावर बोट ठेवून सांगतो. तेही जमत नसेल, तर जवळ बसून पाहावे. सेवक आत आला की याचा चेहरा खुलतो, की हा अंग चोरतो? तेही उत्तरच की!

दुसरी अडचण भीतीची. ज्याच्या हातून घास खायचा, त्याच्यादेखत त्याची तक्रार कोण करील? म्हणून बोलणे एकांतात हवे, आणि सांगणाऱ्याचे नाव अहवालात येता कामा नये.

इतके केले तरी सारे साधते असे नाही. डिसेंबर २०१४ मध्ये त्याच देशातल्या मेयो परगण्यातील एका निवासगृहात बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रियांना सेवक कसे छळतात, ते छुप्या कॅमेऱ्याने टिपलेले दूरचित्रवाणीवर दिसले. लोक हादरले. तपासनीस एखादा दिवस येतो. बाकीचे दिवस पाहतो तो तिथे राहणाराच. त्याचे ऐकल्यावाचून तपासणी अपुरीच.

अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ साली झाला आणि भारताने तो २००७ साली मान्य केला. अपंगांसाठीच्या सेवांवर स्वतंत्र देखरेख असावी, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा गुरुजी, तुमच्या तालुक्यात अपंगांची निवासी शाळा असेल आणि तुम्ही तेथे पाहुणे म्हणून गेलात, तर शेरेबुकात सही करण्याआधी एखाद्या मुलाशेजारी बसा. ‘इथले काय बदलावे असे तुला वाटते?’ एवढेच विचारा. उत्तराला वेळ लागला, तर थांबा.